चांगल्या किंवा त्याहून बऱ्या स्थितीत

एकतीस डिसेंबर, टोलेडो, दुपारचे तीन.
गाड्यांची रांग सिल्व्हेनिया अव्हेन्यूपर्यंत पोचलेली.
वर्ष संपायच्या आत सगळ्यांनाच
एकदम उदार व्हायचं होतं.

मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेला टेबललॅम्प,
डिकीत सहा खोकी, एक मिक्सर,
आणि शालनच्या मांडीवर काचेचा वाडगा,
जो तिलाच द्यायचा होता
आणि जो तिनं रस्ताभर हातातून सोडला नाही.

डेरेल नावाचा पोरगा ढकलगाडी घेऊन आला.
त्याच्या हातमोज्यांना बोटं नव्हती.
त्यानं खोकी उघडलीसुद्धा नाहीत.
आमच्याकडे बोहारीण यायची ती साडी उजेडाकडे धरायची,
काठ ओढून बघायची, जरीवर नख घासायची,
'ताई, विरलंय हो' म्हणत
पातेलं मागे घेऊन गाळणं पुढे सरकवायची.
तेवढीही विचारपूस केली नाही त्यानं आमच्या संसाराची.
मिक्सर मात्र परत दिला, प्लग बघून.
दोनशेवीस व्होल्ट इथे कुणाच्या भिंतीत शिरणार?

पावतीवर तारीख, शिक्का, खोकी सहा, दिवा एक,
आणि किमतीचा रकाना कोरा.
'किती लिहू?' मी विचारलं.
'ते तुमचं तुम्ही,' तो म्हणाला,
'आम्ही कुणाची किंमत करत नाही.'
मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात.
रात्री मी डाव्या हातानं कागद धरला
आणि उजव्यानं बेरीज मांडली.
नियम असा, की वस्तू चांगल्या किंवा त्याहून बऱ्या स्थितीत हवी
आणि भाव आजच्या बाजारातला,
घेतली तेव्हाचा नाही.

मुलाचा बर्फातला कोट, साइझ दहा. सात डॉलर.
'सातच? खिशात त्याचा निळा दगड होता.'
'काढलास ना?'
'नाही.'
दगडाचा भाव यादीत सापडेना.

पाहुण्यांच्या चादरी, एक जोडी. पाच.
पाहुणे दोनदाच आले, दुसऱ्यांदा भांडून गेले,
चादरी तेवढ्या बऱ्या स्थितीत राहिल्या.
ब्रेड मशीन, बारा. वापर एकदा. पाव विटेसारखा.
टाय नऊ, प्रत्येकी दोन.
मरून रंगाचा नोकरी लागली तेव्हा घातलेला,
गेली त्या दिवशीही तोच होता.
त्याचेही दोनच.

'वाडगा किती धरू?'
शालन उठली, सिंकचा नळ सोडला.
'दिलास ना पण?'
पाणी बराच वेळ वाहत राहिलं.
मी सहा डॉलर खोडले.
परक्या सरकारशी खोटं बोलायची आपली छाती नाही,
पासपोर्ट बदलला तरी.

सगळं मिळून दोनशे एकेचाळीस.

मार्चमध्ये कॉम्प्युटरनं विचारलं,
यादी जोडता, की सरसकट वजावट घेता?
सरसकट वजावट एवढी मोठी, की आमचे दोनशे एकेचाळीस
तिच्यात पडले असते तरी पाणी हललं नसतं.
मी बटण दाबलं. यादी पडद्यावरून गेली.
'म्हणजे एक सेंटही नाही?'
'नाही.'
'मग ते दानच झालं म्हणायचं,' शालन म्हणाली,
जरा नाराजीनंच,
जसं काही आम्हाला कुणी न सांगता पुण्य विकलं होतं.

कागद मी टाकला नाही. ड्रॉवरमध्ये आहे,
या घरात काय काय होतं
त्याची दुसरी नोंद कुठेच नाही.
वाडग्यात सध्या किल्ल्या असतात.

मिक्सर अजून डिकीत.
डावीकडे वळलो की
त्याचं झाकण वाजतं.